बुरशीचा फोटो खालूनही काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जंगलातल्या ओंडक्यांवर फळीसारखी वाढणारी कडक बुरशी, म्हणजे ब्रॅकेट फंगस, हल्ली फोटोंतून पुष्कळ दिसते. फोटो बहुधा वरून काढलेला असतो आणि खाली नाव ठोकून दिलेले असते, ‘टर्की टेल’. वरची बाजू देखणी असते हे कबूल, पण ओळख पटते ती खालून.

टर्की टेल, म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलरच्या अंगावर रंगीत वलये आणि मखमली लव असते. तशीच वलये स्टेरियम नावाच्या दुसऱ्या बुरशीवरही असतात. दोन्ही उलटून पाहा. ट्रॅमेटिसच्या पोटाला बारीक छिद्रे असतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण तीन ते पाच. स्टेरियमचे पोट सपाट, छिद्र औषधालाही नाही. छिद्रांच्या जागी पात्या असल्या तर लेन्झायटिस बेट्युलिनाचा विचार करावा. पात्यांच्या कडा मधोमध उभ्या चिरलेल्या आणि टोपी पांढरट, केसाळ असेल तर ती स्किझोफिलम कम्यून.

छिद्रे मोजायला दहापट भिंग आणि पारदर्शक पट्टी पुरते. तीन-चार ठिकाणी मोजा, पण अगदी कडेला नको, तिथली छिद्रे अर्धवट घडलेली असतात. बुरशी तिरकी वाढली असेल तर छिद्रे ताणून लांबट होतात आणि मोजणी फसते.

मग धारदार सुरीने बुडापासून कडेपर्यंत उभा छेद घ्या. गराचा रंग आणि छिद्रांमागच्या नळ्यांचे थर दोन्ही दिसतात. थरावर थर असले तर बुरशी बहुवर्षायू. मात्र थर मोजून वय सांगू नये, एका वर्षात एकाहून जास्त थरही बनतात. पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की फेलिनस या ब्रॅकेट बुरशीचा गंजट गर काळा पडतो. (द्रावण दाहक आहे, हातमोजे घाला.) पण काळा पडला म्हणजे फेलिनसच, असा निकाल देऊ नका. गॅनोडर्माचा तपकिरी गरही काळवंडतो.

गॅनोडर्मा ॲप्लानेटमच्या टोपीवर आणि आजूबाजूच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखा थर असतो. लोक ती धूळ समजून पुसतात. ते बीजाणू, म्हणजे बुरशीचे बीसारखे सूक्ष्म कण असतात. पडतात खालच्या छिद्रांतून, पण हवेच्या झुळकीने वर उचलले जाऊन टोपीवर बसतात. ताज्या बुरशीच्या पांढऱ्या पोटावर नखाने रेघ ओढली की ती तपकिरी उमटते. पुसून टाकलेली भुकटी म्हणजे हातचा पुरावा घालवणे.

इतरांचे बीजाणू मुद्दाम गोळा करावे लागतात. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्या, पांढऱ्यावर पांढरे बीजाणू दिसत नाहीत. छिद्रे खाली करून वर वाडगा झाका आणि बारा ते चोवीस तास ठेवा. जुन्या, वाळक्या नमुन्यातून काहीच पडले नाही तर नवल नाही.

लाकूडही पाहा. पांढऱ्या कुजीत ते फिकट आणि तंतुमय होते, तपकिरी कुजीत चौकोनी भेगा पडून बोटाने चुरा होतो. ट्रॅमेटिस पहिल्या प्रकारची, गंधकी पिवळी लेटिपोरस दुसऱ्या. छिद्रे जमिनीकडे तोंड करून वाढतात, म्हणून आडव्या ओंडक्यावर त्यांचे तोंड बाजूला असेल तर ती झाड उभे असतानाची.

नमुना एकच घ्या आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून वर दुसरीच बुरशी चढते. चाळीस अंशांच्या आसपास वाळवून, हवाबंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर आतले भुंगेरे मरतात, नाहीतर डब्यात नुसता भुसा उरतो.

आपल्याकडे येणाऱ्या फोटोंबाबत एक विनंती. वरचा, खालचा आणि छेदाचा असे तीन फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी आणि झाडाचे नाव मागवावे. तेवढे नसेल तर खाली प्रजातीचे नाव न छापता नुसते ‘लाकडावरची बुरशी’ म्हणावे.

आपले,
कवकांचे काही अभ्यासक