थांबलेल्या गाडीचे तासही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावर मोठा अपघात झाला की ट्रकचालकांच्या कामाचे तास बांधून द्या, ही मागणी पुन्हा वर येते. मागणी रास्त आहे, पण नवी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात हे तास बांधलेलेच होते: दिवसाला ८, आठवड्याला ४८, लांब पल्ल्यासाठी आधी परवानगी घेऊन १० आणि ५४. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. आणि मधली विश्रांती धरून सगळा पसारा, म्हणजे कामाला लागल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ, १२ तासांच्या आत. जादा तासांना दुप्पट मजुरी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच तासांकडे बोट दाखवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा नव्या श्रमसंहितेत गेला, तरी आठ तास आणि दुप्पट मजुरी ही चौकट तशीच आहे.

मग अडते कुठे? ‘तास’ कशाला म्हणायचे, तिथे. जुन्या कायद्याच्या व्याख्येत गाडी चालू असतानाचे काम येते, हिशेब देणे, रजिस्टरवर सही करणे यांसारखी जोडकामे येतात, आणि टर्मिनलवरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांच्या आतली असेल तर तीही येते. बसच्या डेपोला हे शोभते. बंदराच्या दारात चार तास ताटकळणारा ट्रेलर यात कुठे बसवायचा? मालक म्हणतो, गाडी उभी होती, तू केबिनमध्ये झोपला होतास. आणि कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता, त्यामुळे एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक त्याच्या बाहेरच राहिला.

न्हावा शेवा बंदराहून भिवंडीच्या गोदामात कंटेनर टाकायचा एक दिवस हिशेबासाठी घेऊ. अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. पहाटे ५ ला गाडी कळंबोलीहून निघाली, ६ ला सीएफएसच्या (बंदराच्या कंटेनर आगाराच्या) रांगेत लागली. कागद पुढे सरकतात, क्रेन मोकळी होते, कंटेनर ट्रेलरवर बसतो. मग चालक खाली उतरून कंटेनर ट्रेलरला जखडणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक स्वतः हाताने फिरवून बघतो (एक जरी अर्धवट राहिला तर वळणावर कंटेनर उचलला जातो आणि गाडीसकट आडवा होतो), सीलचा नंबर गेटपासशी ताडतो, पत्रा कुठे चेपला असेल तर तो कागदावर लिहून घेतो. नाहीतर रिकामा कंटेनर परत करताना तोच चेपा त्याच्या माथी येतो. बाहेर पडायला १० वाजले. शिळफाट्याच्या अलीकडे अवजड वाहनांच्या बंदीची वेळ टळेपर्यंत एक तास गाडी कडेला. मुंब्रा बायपास, माणकोली करत दीडला गोदाम. बाहेरच्या रांगेत दोन तास. साडेतीनला गाडी फलाटाला लागली, माल उतरेपर्यंत ७. पुन्हा बंदी, ९ पर्यंत थांबा. रिकामा कंटेनर यार्डात टाकायला मध्यरात्रीचे १२, तिथली रांग संपून सुटका १ वाजता.

पहाटे ५ ते रात्री १ म्हणजे २० तास. त्यात चाक फिरले ते साडेसहा तास. नुसते गाडी चालवण्याचे तास तपासणाऱ्या अधिकाऱ्याला इथे काहीच वावगे दिसणार नाही. बारा तासांचा पसारा मात्र आठ तासांनी ओलांडलेला आहे, आणि तोच माणूस चार तासांनी पुढच्या फेरीला निघतो.

आता पैसे. बंदराच्या कामात पगार बहुधा ट्रिपवर असतो. समजा ट्रिपला १,२०० रुपये. वीस तासांना भागले तर तासाला ६०. महिन्याला अशा १८ ट्रिप झाल्या तर २१,६०० होतात. उद्या सरकारने बारा तासांचा पसारा काटेकोर लावला तर हीच फेरी दोन दिवसांवर जाईल. २६ दिवसांत १३ ट्रिप, म्हणजे १५,६००. नियम चालकाच्या जिवासाठी आणि भुर्दंडही त्यालाच, सहा हजारांचा. तासांच्या नियमाला चालकांतूनच विरोध होतो तो यामुळे. त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. घरी पाठवायची रक्कम त्याने ट्रिपवर मोजलेली असते. जादा कामाच्या दुप्पट मजुरीचेही तसेच. तासाचा दरच ठरलेला नसेल तर दुप्पट करायची कशाची?

गाडी अडकली तर हॉल्टिंग (थांब्याचे भाडे) मिळते, असे कोणी म्हणेल. ते सहसा पहिला एक दिवस फुकट सोडून सुरू होते आणि मालकाच्या खात्यात जाते. चालकाच्या हाती आलीच तर जेवणाची खुराकी.

मुंबईत आणखी एक पेच आहे. अवजड वाहनांना उपनगरांत साधारण सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ बंदी असते, दक्षिण मुंबईत त्याहून कडक. शहराच्या दृष्टीने बंदी गरजेची आहे, तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पण तीन आणि चार मिळून सात तास गाडी उभी राहते आणि तरीही सलग नऊ तासांची झोप कुठेच बसत नाही. उलट ज्या वेळी डोळा हमखास लागतो त्या मध्यरात्र ते पहाटेच्या वेळेत गाडी चालवणे भाग पडते.

आणि थांबायचे कुठे? कळंबोली, पळस्पे, मानखुर्द, दहिसर, सगळीकडे रस्त्याची कडा हेच पार्किंग. चलान फाटते ते वेगळे. झोप लागली की टाकीतले डिझेल जाते, बॅटरी जाते, ताडपत्री फाडून माल जातो. भरपाई पगारातून. म्हणून चालक एक कान उघडा ठेवून झोपतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण इंजिन बंद केले की एसी बंद. आठ तास इंजिन चालू ठेवले तर तासाला दोन-अडीच लिटर धरून १६ ते २० लिटर डिझेल जळते. ९० रुपये भाव धरला तर साडेचौदाशे ते अठराशे रुपये. गाडीचे अ‍ॅव्हरेज पडते, मालक शॉर्टेज लावतो (कमी पडलेले डिझेल पगारातून कापतो), म्हणजे त्या झोपेची किंमत ट्रिपच्या मजुरीपेक्षा जास्त होते. मे महिन्यात एसी असलेल्या केबिनमध्येही काच खाली करून माणूस घामाघूम पडलेला दिसतो तो यामुळे.

लांब पल्ल्याला प्रश्न वेगळा. समृद्धीवर नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे ७०१ किलोमीटर. सरासरी ६० चा वेग धरला तरी पावणेबारा तास, तेही न थांबता. परवानगी काढून मिळणाऱ्या दहा तासांतही एकट्याने ते बसत नाही. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक आणि दुसऱ्याला आडवे होण्यापुरती जागा बंधनकारक होती. २०१८ मध्ये दोन चालकांची अट काढली गेली. आमच्या मते ती चूक होती. दुसऱ्या चालकाचा पगार वाचला, पण दुसऱ्याचे काम तसेच राहिले आणि ते पहिल्याच्या अंगावर पडले. जीएसटीच्या ई-वे बिलाला साध्या मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. कराच्या कागदाला एवढा सैल वेळ आहे. मालाची तारीख देणारा मात्र पाचशे-सहाशे किलोमीटर धरूनच चालतो.

अमेरिकेत चालकाला १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते आणि डिसेंबर २०१७ पासून तिथे तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे. तरी पगार मैलावर असल्याने गोदामात गेलेले तास चौदातून वजा होतात आणि चालकाच्या खिशातूनही. फक्त यंत्र बसवून भागत नाही ते इतके स्पष्ट आहे.

आपल्याकडे नोंदीसाठी नवे यंत्रही नको. फास्टॅगवर प्रत्येक नाक्याची वेळ आहे, मालकाच्या मोबाइलवर जीपीएस आहे, बंदराच्या गेटवर नोंद आहे. गहाळ आहे ती एकच वेळ: गाडी गोदामाबाहेर रांगेत लागली तेव्हाची. पहारेकरी वेळ लिहितो ती गाडी आत घेताना. बाहेरचे दोन-तीन तास कोणाच्याच वहीत नसतात. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) ‘रांगेत लागली’, ‘आत घेतली’ आणि ‘सुटली’ असे तीन रकाने सक्तीचे करावेत आणि तिन्हींवर गोदामाचा शिक्का असावा. पहिल्या तासानंतरच्या प्रत्येक तासाची भरपाई गाडी अडकवणाऱ्याने द्यावी, आणि तिचा ठरलेला वाटा थेट चालकाच्या बँक खात्यात जावा. पैसे मोजावे लागले की फलाट आपोआप लवकर मोकळे होतील.

नव्या संहितेने नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. त्यात ट्रिपच्या दराशेजारी तासाचा दर लिहिण्याची सक्ती महाराष्ट्र सरकारने करावी. माथाडी आणि हमालांसाठी याच राज्याने १९६९ मध्ये कायदा करून मंडळे उभी केली, मजुरीची वसुली त्यांच्याकडे दिली. त्याच फलाटावर माल उतरेपर्यंत उभ्या असलेल्या चालकासाठी असे मंडळ नाही. ते बंदर आणि गोदामांच्या पट्ट्यापासून, म्हणजे उरण, पनवेल आणि भिवंडी या तीन तालुक्यांपासून सुरू करता येईल.

आपले,
वाहतुकीचे कागद आणि हिशेब सांभाळणारे काही वाचक,
वडाळा, मुंबई