अर्ध्या भरलेल्या बंबाबद्दल आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, यांस
सप्रेम नमस्कार.

मी आयुष्यभर अग्निशमन दलाचा बंब चालवला. पुण्यात नाही, दुसऱ्या शहरात. निवृत्तीनंतर कात्रजला राहायला आलो. नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सायरन ऐकला, की अजून माझा पाय ब्रेक शोधतो.

एकदा आग विझवून परत निघालो होतो. घाई कसलीच नव्हती. पाच हजार लिटरची टाकी निम्मी रिकामी, म्हणजे अडीच टन पाणी आत मोकळं हिंदकळत होतं. उजव्या वळणावर ते सगळं डावीकडे गेलं आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. उजवी चाकं रस्ता सोडत होती. क्षणभरच, मग दणकन खाली आली. मागे चार जवान होते, एकानेही पट्टा लावलेला नव्हता. त्यातल्या सर्वात लहान पोराचा चेहरा मला आजही दिसतो.

भरलेला बंब जड असतो, पण त्यात पाण्याला हलायला जागा नसते. अर्धवट टाकी फसवते. म्हणून माझी पहिली विनंती: आग विझवून परत निघताना टाकी भरून घ्यावी, नाहीतर पूर्ण रिकामी करावी. नवीन गाड्या घेताना टाकीतलं पाणी हिंदकळू न देणारे आतले पत्रे पुरेसे आहेत का, हे खरेदीच्या कागदावर नाही, झाकण उघडून बघावं. गाडी घसरू लागताच चाकांचे ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणाही मागावी.

वेगाचं गणितही चालकाला शिकवायला हवं. वळणावर तीसऐवजी बेचाळीसने शिरलं, तर बाहेर ढकलणारा जोर दुप्पट होतो. काट्यावर तो फरक किरकोळ दिसतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तेव्हापासून बंबांना अरुंद रस्त्यांवरही जावं लागतं. तिथे साइडपट्टी खचलेली असली, तर डावं चाक खाली उतरतं. घाबरून स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की गाडी उलटते. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, सरळ धरायचं, वेग उतरू द्यायचा आणि मगच हळू वर घ्यायचं. हे वाचून येत नाही. पाण्याने भरलेल्या गाडीवर, मोकळ्या मैदानात, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं.

आणि पट्टा. जवान धावत्या गाडीत गणवेश चढवतात, म्हणून पट्टा राहतो. गणवेश खाली उभं राहून चढवू द्या. त्यात अर्धं मिनिट गेलं तर जाऊ द्या. सगळ्यांचे पट्टे लागल्याचं तांडेलने, म्हणजे जवानांच्या म्होरक्याने, सांगेपर्यंत चालकाने गिअर टाकू नये, असा लेखी आदेश काढा. आदेश नसला, की उशीर झाल्याचा ठपका चालकावरच येतो. मी तो सोसलाय.

१४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, आपण १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात शहीद झालेल्या जवानांना मानवंदना देता. पुढच्या १४ एप्रिलपूर्वी हा आदेश प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लागावा. चालकांना शिकवायला माणूस हवा असेल, तर मी येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त बंबचालक, कात्रज