पहिला घोडा घेण्यापूर्वी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन घोडा घ्यावा, दिंडोरीच्या मळ्यात त्याला ठेवावे आणि सकाळची द्राक्षबागेची फेरी त्याच्यावरून मारावी, हा तुझा बेत मला आवडला. मात्र ज्या दोन वर्षांच्या पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यावर तुझे मन बसले आहे तो तू घेऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. पशुवैद्यकाच्या नोकरीच्या काळात माझ्याकडे घोड्यांपेक्षा गाई-म्हशीच अधिक आल्या. पण जे घोडे आले, त्यांतल्या बहुतेकांचे हाल घेणारा रंगावर भाळल्यामुळे आणि नंतर त्यांना गाईसारखे सांभाळल्यामुळे झाले होते. म्हणून या दोन गोष्टींबद्दल सविस्तर लिहिते.

“शिंगरू घेतले म्हणजे आम्ही दोघे बरोबरच शिकू” असे तू लिहिले आहेस. ऐकायला हे गोड वाटते, परंतु शिकणारा स्वार आणि न शिकलेला घोडा ही जोडी दोघांनाही धोक्याची असते, कारण घाबरलेल्या जनावराला धीर देण्याइतका अनुभव दोघांपैकी एकाकडे तरी असावा लागतो. शिवाय घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. दोन वर्षांच्या पाठीवर तुझ्यासारख्या उंचापुऱ्या माणसाने बसणे म्हणजे ती पाठ कायमची बिघडवणे होय. घोडा नीट सांभाळला तर २५ वर्षे सहज जगतो, त्यामुळे ८ ते १२ वर्षांची, अनेक हातांखालून गेलेली, शांत स्वभावाची घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घेतलास तर तो तुला पुष्कळ वर्षे पुरेल आणि तुझ्या चुका पोटातही घालील. वळू घोडा पहिल्या खेपेस नकोच, मग विकणारा त्याच्या स्वभावाची कितीही ग्वाही देवो.

आता वजनाचा हिशेब. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार असू नये. तुझे वजन ७८ किलो आहे आणि खोगीर ७ किलोचे धरले तर ८५ किलो होतात, म्हणजे घोडा किमान ४२५ किलोचा हवा. यात्रेत वजनकाटा शोधत बसण्याची गरज नाही. शिंप्याकडची मोजपट्टी घे, पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज, त्याचा वर्ग कर, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुण आणि ११,८७७ ने भाग. घेर १७८ आणि लांबी १६० असेल तर वजन सुमारे ४२७ किलो येते, आणि तेवढे तुला पुरे. याच कारणाने भीमथडी तट्टू तुला सुचवत नाही. भीमेच्या खोऱ्यातले हे घोडे काटक असतात, धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर ओलांडतात आणि निगेलाही सोपे असतात, त्यामुळे तुझ्या जागी तुझी बहीण असती तर मी तेच घ्यायला लावले असते. तुला मात्र भरलेल्या अंगाचा मारवाडी किंवा काठियावाडी पाहावा लागेल. त्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, त्यावरून ते ओळखता येतात.

सारंगखेड्याला तापीकाठी राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेश अशा सगळीकडून घोडे येतात आणि तिथला भाव पुष्कळदा अंगावरच्या चिन्हांवर ठरतो. चारही पाय आणि तोंड पांढरे असले की तो पंचकल्याणी म्हणून महाग होतो, गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला की आणखी महाग, आणि डोळ्याखाली भोवरा दिसला की लोक अशुभ म्हणून पुढे सरकतात. केसांच्या वळणाने घोड्याची चाल, पचन वा स्वभाव बदलल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. (खरे सांगायचे तर एखाद्या भोवऱ्यापायी मागे राहिलेला, पण पायांनी निर्दोष असा घोडा स्वस्तात मिळाला, तर मी आनंदाने घेईन, तुझ्या आजीला तो भोवरा दाखवू नकोस म्हणजे झाले.) ढोल वाजला की दोन पायांवर उभे राहणारे, नाचकाम शिकवलेले घोडे पाहायला सुरेख असतात, पण ते लग्नाच्या वरातीसाठी तयार केलेले असतात. तुझ्या गावात पोळ्याला हलगी वाजेल तेव्हा तू त्याच्या पाठीवर असशील, एवढे ध्यानात ठेव.

घोडा पसंत पडला की संध्याकाळी पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा, कारण दुखणे दडवणारे किंवा गुंगी आणणारे इंजेक्शन दिलेले असेल तर त्याचा अंमल उतरल्यावर जनावर वेगळेच दिसते. प्रथम तोंड उघडून पाहा. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक काळसर खाच दिसू लागते आणि पंधराव्या वर्षापर्यंत ती निम्म्या दातापर्यंत उतरते. यावरून येणारे वय अदमासाचेच असते, परंतु पंधरा वर्षांचा घोडा सात वर्षांचा म्हणून कोणी तुझ्या गळ्यात मारू शकणार नाही. त्याच वेळी जीभ आणि ओठांचे कोपरे तपास. तिथे जुने वण असतील तर काटेरी लगाम वापरलेला आहे असे समज. त्याला कायद्याने मनाई आहे, तरी तो अजून विकला जातो. अशा घोड्याने तोंडाला हात लावू दिला नाही तर दोष त्याचा नाही, पण तो तुझ्यासाठीही नाही.

मग पाय. माझ्या मते तुझा निम्मा वेळ गुडघ्यांखालीच जायला हवा. चारही खुरांवर तळहात ठेवून एखादे अधिक गरम लागते का ते पाहा, प्रत्येक पाय उचलू देतो का ते पाहा आणि कडक जमिनीवर त्याला सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांग. पुढचा पाय दुखत असेल तर त्यावर भार येताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. बसण्यापूर्वी विकणाऱ्याच्या माणसाला स्वार होऊन दाखवायला सांग. तो टाळाटाळ करू लागला तर तिथून निघ.

पैसे देण्यापूर्वी रक्ताची तपासणी हवीच. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, त्यावर उपचार करत बसत नाहीत आणि २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याखाली तो शासनाला कळवावा लागतो. बाधित घोडा नष्ट करावा लागतो. सरकारी पशुवैद्यकाने घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या पद्धतीनुसार तपासणी होते. दाखला जुना असेल किंवा दुसऱ्याच घोड्याचा वाटला तर व्यवहार थांबव. घोडा घरी आणल्यावरही तीन आठवडे त्याला इतर जनावरांपासून वेगळा ठेव आणि धनुर्वाताची लस दिली आहे की नाही हे पाहा, कारण या रोगाला घोडा अतिशय लवकर बळी पडतो.

आता खाण्याचे, कारण तुझ्याकडे गाई आहेत आणि खरा धोका तिथेच आहे. घोड्याला रवंथ नाही, त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते, त्यात आम्ल दिवसभर पाझरत राहते आणि त्याला उलटी होत नाही. म्हणून त्याने थोडे थोडे, पण जवळजवळ सतत खायला हवे. ४२५ किलोच्या घोड्याला दिवसाला साडेआठ किलोंच्या आसपास कोरडा चारा लागतो. मारवेल, पवन्यासारखे वाळलेले गवत उत्तम, कडबा चालेल, परंतु बुरशीचा वास येणारी पेंढी समोर टाकू नकोस. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कामाच्या मानाने द्यावी, हरभरा भिजवून द्यावा आणि एका वेळी दोन किलोंच्या पुढे जाऊ नये. कोणताही नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव. गाईंचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य मात्र त्याच्या गव्हाणीत चुकूनही पडू देऊ नकोस. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते, ते गाय पचवते आणि घोड्याचे हृदय त्याने निकामी होते. पोत्यांची खोलीच वेगळी कर आणि कामावरच्या माणसांना कारणासह सांगून ठेव. फवारणी झालेल्या ओळींत त्याला चरायला सोडू नये, हे तुला ठाऊक असेलच. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक, आणि सैंधवाचा खडा कायम टांगलेला असावा.

ठाण उंच आणि कोरडे कर. पावसाळ्यात लीद आणि मुताने ओल राहिली की खुराच्या तळचा मऊ त्रिकोणी भाग कुजू लागतो आणि घाण वास येतो, म्हणून रोज खरारा करताना खूरही साफ करावेत. दिवसाचे काही तास तरी त्याला मोकळे सोड. एकट्या घोड्याला चैन पडत नाही आणि निर्धास्त झोपही लागत नाही. दुसरा घोडा शक्य नसेल तर निदान गाई त्याला दिसतील अशी जागा निवड.

त्याची तब्येत चांगली असतानाच नाडी आणि ताप मोजण्याचा सराव ठेव. नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि ताप ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असावा. तो पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला, लीद बंद झाली, तर पोटशूळ समजून चारा काढून घे आणि लगेच डॉक्टरांना बोलाव. बाटलीने तेल पाजण्याचा सल्ला तुला अनेक जण देतील; ते तेल फुप्फुसात जाऊन घोडे दगावतात, तेव्हा कोणालाही तसे करू देऊ नकोस.

खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात आणि चांगला नालबंद आता मिळणे कठीण झाले आहे, म्हणून घोड्याआधी तो शोध. नाशकातल्या टांगेवाल्यांकडे चौकशी केलीस तर कोणी ना कोणी सापडेल. त्याच्याशी बोलणे झाले की मला कळव. त्यानंतर आपण यात्रेची तारीख ठरवू आणि मी मोजपट्टी घेऊन तुझ्याबरोबर येईन.

तुझी,
आई