नावांच्या याद्या आणि गटबाजीचे खटले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जत्रेतील मानपान, ग्रामपंचायतीची निवडणूक, देवस्थानची जमीन किंवा शेतवाटेचा वाद यांवरून दोन गटांत हाणामारी झाल्याच्या बातम्या बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून आपल्या दैनिकात वरचेवर येतात. काठ्या-कोयते निघतात, काही जण दवाखान्यात दाखल होतात, पोलीस फिर्याद आणि उलट फिर्याद नोंदवून घेतात. बातमी तिथे संपते आणि खटला मात्र पुढे कित्येक वर्षे चालतो. न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की, या खटल्यांचा घात बहुधा साक्षीच्या दिवशी होत नाही. तो पहिल्या रात्री फिर्यादीत नावे भरताना होऊन गेलेला असतो.

पाच किंवा अधिक जण बेकायदा हेतूने एकत्र आले की तो बेकायदेशीर जमाव ठरतो आणि जमावाच्या समान उद्देशाने जे घडते त्याला त्यातील प्रत्येक जण जबाबदार असतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 149 मध्ये असलेली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 190 मध्ये आहे. तरतूद योग्यच आहे, कारण ती नसती तर कोयता कोणाच्या हातात होता हे सांगता न आल्याने सारा जमाव सुटला असता. पण हात उचलल्याचे सिद्ध करावे लागत नाही, हे गावातल्या पुढाऱ्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ज्याने खरोखर वार केला त्याच्या मागोमाग विरुद्ध भावकीतला कर्ता पुरुष, पंचायतीचा सदस्य आणि सरकारी नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला मुलगा यांची नावे यादीत चढतात. शिक्षा होईल न होईल. पोलीस पडताळणीत नाव अडकले की काम झाले, असा हा हिशेब असतो. पुढे कोणाचे नाव पोलिसांच्या रावडी यादीत, म्हणजे गुंडांच्या नोंदीत, गेले, तर ते काढून घेता घेता उमेद संपते.

सर्वोच्च न्यायालयाला हा प्रकार नवा नाही. उत्तर प्रदेशातील एका गावच्या गटबाजीतून झालेल्या हत्यांच्या ‘मसलती’ खटल्यात 1964 सालीच न्यायालयाने म्हटले होते की, आरोपी आणि साक्षीदार दोन्ही पुष्कळ असतील तेव्हा दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी एखाद्याविषयी सुसंगत हकीकत सांगितली असेल, तरच त्याला दोषी धरणे सुरक्षित आहे. ही कसोटी निरपराधाला वाचवते. मात्र तपासात खोटी नावे गाळली गेली नसतील, तर अपराध्यालाही तिचा लाभ मिळतो. प्रत्येक आरोपीसमोर ‘काठीने मारहाण केली’ हेच वाक्य लिहिलेले असले आणि त्यातला एक जण त्या दिवशी गावातच नव्हता असे उलटतपासणीत निघाले, की उरलेल्या सगळ्यांविरुद्धच्या साक्षीवरही संशय येतो. साक्षीतला खोटा भाग वगळून खरा भाग ग्राह्य धरावा असे कायदा सांगतो खरा, पण इतके मिसळलेले निवडणे न्यायाधीशालाही सोपे नसते.

सीमाभागात यात आणखी एक अडचण आहे. येथे अनेकदा साक्षीदार मराठीत बोलतो आणि पोलीस जबाब कन्नडमध्ये लिहितात. भांडणारे दोन्ही गट पुष्कळदा मराठीच असतात, तेव्हा हा भाषिक अन्यायाचा सूर समजू नये; प्रश्न पुराव्याचा आहे. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. काही वर्षांनी न्यायालयात तो आपल्या शब्दांत घटना सांगतो, तेव्हा बचाव पक्षाचे वकील त्या जुन्या जबाबाशी विसंगती दाखवतात आणि प्रामाणिक माणूसही फितूर किंवा खोटारडा ठरतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 नुसार असा जबाब ध्वनिचित्रमुद्रणाने नोंदवता येतो. निदान मराठीभाषक गावांतील गटबाजीच्या गुन्ह्यांत, विशेषतः जखमींच्या बाबतीत, ही सोय सरसकट वापरावी, अशी जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यांना विनंती आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, आणि मोबाईल तर आज प्रत्येक पोलिसाच्या खिशात असतो.

दुसरी बाब फिर्याद आणि उलट फिर्यादीची. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांनी पाठोपाठ ऐकावेत, पहिल्याचा निकाल राखून ठेवावा आणि दुसऱ्याची सुनावणी झाल्यावर दोन्ही निकाल स्वतंत्रपणे, त्या त्या खटल्यातील पुराव्यावरच द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘नथी लाल’ प्रकरणात सांगितले आहे. एका बाजूवर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप असेल आणि दुसऱ्या बाजूवर किरकोळ दुखापतीचा, तर पहिला खटला सत्र न्यायालयात जातो आणि दुसरा तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच राहतो. तोही सत्र न्यायालयाकडे वर्ग करता येतो, पण बहुधा सरकारी वकिलांनी वेळेवर अर्ज केला तरच. अन्यथा आधी हल्ला कोणी केला, याची दोन न्यायालयांतून दोन उत्तरे येण्याचा धोका राहतो.

तडजोडीविषयी थोडेसेच. गावात समेट व्हावा हे कोणाला नको आहे? पण खुनाचा प्रयत्न किंवा दंगल हे गुन्हे गावच्या पारावर मिटत नाहीत. मग समेटाची प्रतिज्ञापत्रे घेऊन मंडळी गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे जातात. तेथे जखम कोठे झाली, शस्त्र कोणते होते, हे पाहिले जाते. गावच्या बैठकीत मात्र ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याला कोणी विचारत नाही. दोन्हीकडचे पुढारी सही करतात आणि त्याने मान डोलवायची असते. सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले तरी पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने परवानगी देऊ नये, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 मध्ये आहे. ती जखमींच्या घरी कोणीतरी जाऊन सांगायला हवी.

शेवटी, संपादक महोदय, थोडी तक्रार वृत्तपत्रांविषयीही आहे. हाणामारीच्या दुसऱ्या दिवशी फिर्यादीतील यादी गाव आणि वयासह जशीच्या तशी छापली जाते. तपासात त्यांतील काही नावे वगळून दोषारोपपत्र दाखल झाले, किंवा पुढे कोणी निर्दोष सुटला, तर तेवढीच जागा त्या बातमीला मिळावी. ते जमत नसेल, तर पहिल्या दिवशी फक्त अटक झालेल्यांचीच नावे छापावीत.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
खानापूर तालुका, जि. बेळगाव