धूळ एकाच नाकपुडीत जाते का?

महोदय,

थंडी पडली की सायनससाठी वाफारा घ्या, धूळ टाळा असे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात. वरच्या दाढा तपासून घ्या, असे मात्र कुणी लिहीत नाही.

सेलूत जिनिंगवर मुनीम म्हणून माझी उभी हयात गेली. त्यामुळे नाक चोंदले की जो तो म्हणे, 'कापसाची धूळ बाधली.' मलाही ते पटले. तीन वर्षे गोळ्या, वाफारे, नाकातले फवारे चालले. पण गाल दुखे तो उजवाच, पू येई तो उजव्याच नाकपुडीतून, आणि वास असा घाण की जेवण नकोसे व्हावे. धूळ काय एकाच नाकपुडीत जाते? आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, हा साधा हिशेब मात्र मला सुचला नाही.

शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका डॉक्टरीणबाईंनी आधी तोंड उघडायला लावले. वरच्या उजव्या दाढेचे रूट कॅनल करून जुनी कॅप बसवलेली. दुखत नव्हती म्हणून मी ती विसरूनही गेलो होतो. नस गेलेली दाढ गप्प राहते, पण मुळाशी पू साठू शकतो. गालाच्या हाडातली सायनसची पोकळी या मुळांच्या अगदी वर असते. काहींच्या मुळांत आणि पोकळीत जेमतेम पातळ हाडाचा पडदा असतो. दाढ काढताना तिथे भोक पडून ते बुजले नाही, किंवा हाडात बसवलेले कृत्रिम दाताचे मूळ (इम्प्लांट) वर सरकले, तरी हेच दुखणे मागे लागते. साध्या एक्स-रेत हे बरेचदा निसटते. माझे सीटी स्कॅनमध्ये सापडले.

दाढ काढली. कित्येकांना तेवढ्याने उतार पडतो, मला पडला नाही. मग नाकातून दुर्बीण घालून सायनसचे तोंड मोठे केले आणि पू धुऊन काढला. पूर्वी यासाठी ओठाखालून हाड फोडत. कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये सांगितलेली ती पद्धत आता क्वचितच वापरतात. भोक राहिले असेल तर हिरडीचा पदर ओढून ते शिवतात. पण नुसते नाक साफ केले आणि दाढ तशीच ठेवली, तर दुखणे परत येते.

कोरोनानंतर म्युकर (काळी बुरशी) आला, तेव्हा वरचे दात हलू लागले की नाक दाखवा, हे गावोगाव माहीत झाले होते. नाक बिघडले की दात दाखवा, असा उलट बाजूने विचार करायला कुणी शिकवले नाही. सरकारी दवाखान्यात एकाच बाजूच्या सायनसचा रुग्ण आला, तर त्याच केसपेपरवर त्याला दातांच्या विभागात पाठवायला काय हरकत आहे?

आपल्या आरोग्य पानावर वाफाऱ्याची चौकट येईल, तेव्हा शेजारी दाढेलाही दोन ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)