काकू, परतीच्या वाटेवरच्या शांततेबद्दल

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

आभाराचा पहिला शब्द तोंडातून निघाला की तुम्ही "कुकर लावलाय गं" म्हणून फोन ठेवता. आत्तापर्यंत तीनदा झालं. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला कुकर लावता येणार नाही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये आम्ही लॉस एंजेलिसला आलो. ह्यांची बदली, माझा नोकरीची परवानगी नसलेला डिपेंडंट व्हिसा, आणि बारा वर्षांची लेक पुण्यातल्या मैत्रिणींपासून तुटलेली. शाळेत ती जवळजवळ बोलायचीच नाही. पुण्यात दोन वर्षं बास्केटबॉल खेळली होती, म्हणून शनिवारच्या मुलींच्या लीगमध्ये नाव घातलं. मी पंधरा वर्षं बँकेत आकडे जुळवत आलेली बाई. बाकावर बसून वहीत तिचे चुकलेले शॉट मांडायचे आणि गाडीत बसलो की वाचून दाखवायचे. खरं सांगते, मला ती मदत वाटायची.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या कपडे धुण्याच्या खोलीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तुम्ही ती वही पाहिलीत. ड्रायर फिरत होता. "हिशेब कसला चाललाय?" तुम्ही विचारलंत, मी अभिमानाने सांगितलं. तुम्ही वही मिटून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "सोमवारी रात्री दोघी या. वरण-भात आहे आणि मॅच आहे."

तो सोमवार म्हणजे ६ नोव्हेंबर. लास वेगासमध्ये यूएससीचा, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्याच विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा, हंगामातला पहिला सामना, समोर ओहायो स्टेट, देशातल्या पहिल्या दहांतला संघ. डोक्यावर उंच अंबाडा बांधलेली, १२ नंबरची एक अठरा वर्षांची मुलगी कॉलेजचा पहिलाच सामना खेळत होती. ज्यूडिया वॉटकिन्स, सगळ्यांची जूजू. तुम्ही मात्र पहिल्या क्वार्टरपासून तिला "जुई" म्हणत होतात. जुईने ३२ गुण केले, यूएससीने सामना ८३-७४ असा काढला आणि माझी लेक दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणा परक्या घरी दुसऱ्यांदा भात मागून घेऊन जेवली.

जुईचा एवढा गाजावाजा का, हे मला कळत नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते अजून आठवतं. आपल्याकडे देखण्या मुलीला स्थळं सांगून येतात, तशी इथे चांगल्या खेळाडूला विद्यापीठं सांगून येतात. प्रशिक्षक शाळांच्या जिममध्ये खेटे घालतात. २०२३च्या बॅचमध्ये देशात पहिल्या क्रमांकाची मानलेली ही मुलगी. स्टॅनफर्ड, साउथ कॅरोलायना अशी तालेवार स्थळं दारात उभी होती. तिने निवडलं घराजवळचं, आणि घर म्हणजे लॉस एंजेलिसमधलीच वॉट्स ही वस्ती. यूएससीच्या महिला संघाने १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली होती, पण त्याला चाळीस वर्षं होत आली होती. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा शेरिल मिलर तिथे खेळत होती. ८४च्या ऑलिंपिकमध्ये तिला बघून तुम्ही या खेळाच्या नादाला लागलात, आणि काका म्हणायचे की हिने पासपोर्टाआधी मॅचचं तिकीट काढलं. (काकांना मी पाहिलं नाही. पण तुमच्या सगळ्या गोष्टींत ते शेजारच्या खुर्चीत बसलेलेच असतात.)

एका शनिवारी तुम्ही आम्हाला मुद्दाम वॉट्समधून नेलंत. १०३व्या रस्त्यावरच्या टेड वॉटकिन्स पार्कपाशी गाडी थांबवलीत. टेड वॉटकिन्स म्हणजे जुईचे पणजोबा. १९६५ साली, ज्या वर्षी ऑगस्टमध्ये वॉट्स दंगलीत पेटलं होतं, त्याच वर्षी त्यांनी तिथल्या लोकांच्या घरांसाठी, रोजगारासाठी संस्था उभी केली. तिथली मुलं खेळत होती, आपण खिडकीतून बघत होतो. तुम्ही फार काही बोलला नाहीत. "पोरगी इथली आहे," एवढंच.

तुमच्याकडे गेलन सेंटरची, यूएससीच्या हॉलची, तीन सीझन तिकिटं होती. एक तुमचं, एक काकांचं आणि एक मुलाचं, जो आता न्यू जर्सीत असतो. ती दोन तुम्ही आम्हाला दिलीत. पैसे विचारले तर तुम्ही इतक्या रागावलात की मी पुन्हा विषय काढला नाही.

१४ जानेवारीचा सामना मला मिनिटामिनिटाने आठवतो. समोर शहरातलाच वैरी, यूसीएलए, तोवर एकही सामना न हरलेला, देशात दुसरा. १०,२५८ माणसं, हॉल गच्च. आणि भारतात तेव्हा संक्रांत उजाडलेली. हॉलमध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, म्हणून तुम्ही पारदर्शक पिशवीतून तिळगूळ आणलात. दारावरच्या सुरक्षारक्षकाने लाडू उजेडात धरून पाहिले तेव्हा तुम्ही त्यालाही एक दिलात. मग आपल्या रांगेत, मागच्या रांगेत, आणि निळ्या टोप्या घातलेल्या त्या यूसीएलएच्या कुटुंबालासुद्धा. जुईने ३२ गुण केले, आपण ७३-६५ने जिंकलो. (बघा, 'आपण' म्हणते मी.) शेवटी निळ्या टोपीवाल्या आजोबांनी तुमच्याकडे आणखी एक लाडू मागितला.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाबद्दल. शनिवारी लेकीची मॅच होती आणि तुम्ही बघायला आला होतात. तिने शेवटच्या मिनिटात दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवत नसताना मारायचे शॉट, घालवले. परत येताना तुमच्या त्या जुन्या कॅमरीत मी तोंड उघडलं, आणि तुम्ही आरशातून माझ्याकडे नुसतं पाहिलंत. ११० फ्रीवेवर गाडी लागली तरी कोणी बोललं नाही. टॉरन्सच्या वळणावर तुम्ही मागे वळून न बघता लेकीला विचारलंत, "भूक लागलीये का?" ती हो म्हणाली. बस. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणालात, "मॅचनंतर गाडीत फक्त हा एकच प्रश्न. बाकी तिला जेव्हा बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल." तुमच्या मुलाच्या बाबतीत हे तुम्हाला उशिरा कळलं, हेही तुम्हीच सांगितलंत.

मला ते पटलं नव्हतं. चुका दाखवायच्या नाहीत तर मग आई कशाला, असं मनात होतंच. दुसऱ्या दिवशी तिळगूळ देताना तुम्ही "गोड बोला" माझ्याकडे बघून जरा जास्तच जोर देऊन म्हणालात.

२ फेब्रुवारीची रात्र आठवते? मेपल्स पॅव्हिलियन, स्टॅनफर्डचा हॉल. तिथल्या प्रशिक्षक टारा व्हॅनडरव्हीर यांनी दोनच आठवड्यांपूर्वी कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वाधिक विजयांचा विक्रम केला होता. त्यांच्या घरात जाऊन जुईने ५१ गुण केले. संघाचे एकूण ६७, म्हणजे बाकी सगळ्या मिळून १६! तुम्ही सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी उभ्या होतात, गुडघ्याचं दुखणं विसरून. मी सवयीने पाकिटाच्या मागे आकडे लिहीत होते. २६ शॉटमधले १४ आत, फ्री थ्रो १९ पैकी १७. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "बारा चुकले हेही लिही. वाढणाऱ्याच्याच हातून सांडतं." हंगामभर तेच होतं, काकू. जुईचे दहातले सहा शॉट चुकायचे. अडलेल्या क्षणी चेंडू तिच्याकडेच यायचा, अंगावर दोघी-तिघी असायच्या, आणि तरी ती पुढचा शॉट मारायची.

आणि मग १० मार्च. पॅक-१२ या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेचा अंतिम सामना, लास वेगास, पुन्हा स्टॅनफर्ड. त्या दिवशी जुईचं काही म्हणजे काही बसत नव्हतं. १५ शॉटमधले २ आत. अख्ख्या सामन्यात ९ गुण. जिंकून दिलं मॅकेन्झी फोर्ब्सने, २६ गुण करून. हार्वर्डहून शिकून आलेली ही मुलगी, तशाच पेन विद्यापीठातून आलेली केला पडिला आणि कोलंबियाहून आलेली केटलिन डेव्हिस. तुम्ही त्यांना "आपल्या तीन ग्रॅज्युएट ताया" म्हणायचात. ७४-६१. दहा वर्षांनी यूएससीला ती ट्रॉफी मिळाली. जुई तायांच्या घोळक्यात हसत उभी होती.

लेक बराच वेळ टीव्हीकडे बघत होती. मग म्हणाली, "तेरा चुकले. आज गाडीत तिची आई काय म्हणेल?"

तुम्ही तेव्हा मुद्दाम उठून स्वयंपाकघरात गेलात. मला माहितीये. भांडी तर केव्हाच घासून झाली होती. त्या पाच मिनिटांसाठीसुद्धा हे पत्र आहे. लेकीने मग मला सगळं सांगितलं. वहीबद्दल, शनिवारी सकाळी पोटात कसा गोळा यायचा त्याबद्दल, आणि शॉट चुकला की आधी बास्केटकडे न बघता माझ्या पेनकडे बघायची त्याबद्दल. ती वही मी त्या रात्री रद्दीत घातली.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. राष्ट्रीय स्पर्धेत १९८६नंतर पहिल्यांदाच गटात अव्वल मानांकन, गेलन सेंटरमध्ये दोन विजय, पोर्टलंडला बेलरविरुद्ध ७४-७०, आणि १ एप्रिलला पेज बेकर्सच्या यूकॉनकडून, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाकडून, ८०-७३ने हार. फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांत जाणं, एका पावलावर राहिलं. त्याच हरलेल्या सामन्यात २९ गुण करून जुईने पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा एका हंगामातल्या गुणांचा विक्रम मोडला. सॅन डिएगो स्टेटच्या टीना हचिन्सनचे १९८३-८४चे ८९८ गुण मागे पडले, जुईचे ९२० झाले. तुम्ही म्हणालात, हचिन्सनच्या त्या हंगामात मी इथेच होते आणि मला तिचं नावही ठाऊक नव्हतं, बघ. तुमच्या आवाजात जरा लाज होती. एवढी वर्षं लोटल्यावर अनोळखी मुलीबद्दल लाज वाटून घेणारं माणूस मी तुमच्याशिवाय पाहिलेलं नाही.

अंबाड्याचंही राहिलंच. लेकीच्या मॅचच्या सकाळी तुम्ही तुमच्या काळ्या आकड्यांनी तिचा तसाच उंच अंबाडा घालून द्यायचात. मला तो अजून जमत नाही, तिसऱ्या क्वार्टरला सुटतो.

दुसऱ्या वर्षाचं मी जास्त लिहीत नाही. फक्त २४ मार्च २०२५. मिसिसिपी स्टेटविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये जुई गुडघा धरून खाली पडली आणि तिला उचलून नेलं, तेव्हा तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी रुतली. सामना आपण मोठ्या फरकाने जिंकलो, पण हॉलमधून बाहेर पडताना कुणाच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. त्या रात्री गाडी मी चालवली. तुम्ही शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतात, मध्येच डोळे पुसत होतात. टॉरन्सच्या वळणावर मागच्या सीटवरून आवाज आला, "काकूआजी, भूक लागलीये का?"

तुम्ही हो म्हणालात. मग आपण तिघींनी तुमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वरण-भात खाल्ला.

आता आम्ही पुण्याला परतलोय. गोडा मसाला उद्या कुरियरने निघतोय. सोबत लेकीने पत्र लिहिलंय, ते मला वाचू दिलेलं नाही. आणि अंबाड्याचे ते काळे आकडे इथे तुळशीबागेत शोधले, तसे मिळाले नाहीत. कुठून आणायचात, तेवढं कळवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची