रोखीचे पैसेही वहीत लिही

सोलापूर
१० डिसेंबर २०२५

चि. सौ. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाळणाघरात मूल सोडणाऱ्या एका बाई रोख पैसे देतात, ते लिहायचे की नाही, यावरून रविवारी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. "अण्णा, तुम्हाला इथले काही माहीत नाही," असे तू म्हणालीस. ते खरेच होते, म्हणून तिथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, प्राप्तिकर खात्याने घरगुती पाळणाघरे चालवणाऱ्यांसाठी काढलेली पुस्तिका राजूकडून छापून घेतली आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. जन्मभर दिवाणजीगिरी केलेल्या माणसाला परक्या देशाची वही वाचायला वेळ लागतो, परंतु जमा आणि खर्च हे दोन रकाने तिथेही आहेत. उपदेश करणार नाही, असे तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलो आहे.

आपल्याकडे पाडव्याला वहीपूजन होते आणि सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे हिशेब सावरायला दोनदा उसंत मिळते. तुझे वर्ष मात्र ३१ डिसेंबरलाच मिटणार. तू पावत्या आपल्या ओमच्या जुन्या खेळण्यांच्या खोक्यात टाकतेस, हे व्हिडिओवर मी पाहिले आहे; त्या खोक्यात दुधाची पावती, रंगखडूंची पावती आणि तुमच्या घरच्या किराण्याची पावती एकत्र पडलेली असते. ती आताच वेगळी कर. छापील पावतीची शाई उडते, तेव्हा मागच्या बाजूला पेनाने रक्कम आणि कारण लिहून ठेव.

त्या पुस्तिकेतली एक गोष्ट मला फार आवडली. इतर बहुतेक धंद्यांना घराची खोली फक्त धंद्यासाठीच राखून ठेवावी लागते, पाळणाघराला ती अट नाही. तुझी नोंदणी झालेली असल्यामुळे ज्या खोलीत दिवसा मुले खेळतात आणि रात्री तुम्ही बसता, तीही हिशेबात धरता येते. समज, १,५०० चौरस फुटांच्या घरातली ६०० चौरस फूट जागा नेहमी मुलांसाठी वापरात आहे, म्हणजे ४० टक्के. रोज अकरा तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर २,७५० तास होतात, आणि ते वर्षाच्या ८,७६० तासांशी ताडून पाहायचे, म्हणजे सुमारे ३१.४ टक्के. दोन्हींचा गुणाकार साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो, आणि भाडे, वीज, हिटर यांचा तेवढा हिस्सा फॉर्म ८८२९ वर, म्हणजे धंद्यासाठी घर वापरल्याच्या हिशेबाच्या फॉर्मवर, खर्चात जातो. पण मुले येण्यापूर्वी तू खेळणी पुसतेस, भाजी चिरतेस आणि ती गेल्यावर चटया धुतेस, तो वेळही कामाचाच आहे. तो रोज एक तास धरलास तर ३,००० तास होतात आणि टक्का १३.७ वर जातो. महिना २,४०० डॉलर भाड्यावर एवढ्यानेच वर्षाला सुमारे ३३० डॉलर जास्त खर्च दाखवता येतो. तू पाहतेस त्याच कॅलेंडरवर रोजची वेळ लिहीत जा. तुझे ते पहाटेचे राबणे कुठेतरी लिहिले जावे, एवढेच मला वाटते.

आता रोख पैसे देणाऱ्या त्या बाईंबद्दल. पुन्हा काढणार नव्हतो, पण काढतो. त्या डब्ल्यू-१० फॉर्म (सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता, क्रमांक लिहून द्यायचा) मागत नाहीत म्हणून काही लिहायची गरज नाही, असे तू म्हणालीस. आज मागत नाहीत, फेब्रुवारीत मागतील. मुलांच्या सांभाळाच्या खर्चावर त्यांना करात सवलत मिळते, आणि त्यासाठी त्या फॉर्म २४४१ भरतील तेव्हा तुझे नाव, पत्ता, कर क्रमांक आणि तुला दिलेली रक्कम तिथे लिहावी लागेल. त्यांच्या कागदावर आहे आणि तुझ्या शेड्यूल सी वर, म्हणजे धंद्याच्या नफ्या-तोट्याच्या तक्त्यात, नाही, अशी रक्कम सापडायला कोणा हुशार अधिकाऱ्याची गरज लागत नाही.

पण खरे सांगायचे तर मला दंडाची तेवढी भीती वाटत नाही. आमच्या चादरीच्या कारखान्यात पगाराचा एक भाग चिठ्ठीवर असे आणि दुसरा पाकिटात मिळे. पाकीट हातात पडले की सगळे खूश. तुझ्या शाळेची फी त्यातूनच गेली. भविष्य निर्वाह निधी मात्र चिठ्ठीवरच्या आकड्यावरच कापला गेला, आणि निवृत्तीनंतर हातात काय आले ते तुला ठाऊक आहे. मालकाने माझे आयुष्य अर्धेच लिहिले होते. तिथे तुला नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर जो १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरावा लागतो, त्यातला मोठा भाग तुझ्याच सोशल सिक्युरिटीच्या (तिथल्या सरकारी पेन्शनच्या) खात्यावर नोंदला जातो. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात आणि म्हातारपणीच्या पेन्शनला साधारण चाळीस लागतात. जे उत्पन्न तू दाखवणार नाहीस, ते तुझ्या म्हातारपणातून वजा होईल. सुहासरावांची नोकरी चांगली आहे, हे मी जाणतो. तरीही तुझ्या नावावर तुझे काही असावे.

साखर पेठेतल्या आपल्या घरी, वळलेल्या बिड्या कारखान्यात देऊन पाने-तंबाखू आणायला जाणाऱ्या बायका त्यांची पोरे तुझ्या आईपाशी सोडून जात. तू त्या पोरांत बसून भाकरीचे तुकडे वाटायचीस आणि ज्याने दूध सांडले त्याच्यावर डोळे वटारायचीस. कोणी चार आणे देई, कोणी लाल भोपळ्याची फोड. आईने कधी काही लिहून ठेवले नाही आणि त्या कामाला आम्ही कोणी कामही म्हटले नाही. तू त्याच कामाची सरकारदरबारी नोंदणी केलीस, हे मी नव्या पेठेत भेटेल त्याला सांगत असतो. तुला कधी सांगितले नाही.

पाहा, लिहिता लिहिता व्याख्यानच झाले. राग मानू नकोस. आई आतून विचारते आहे, अजून किती लिहिणार. कराचा शेवटचा तिमाही हप्ता १५ जानेवारीला आहे, म्हणजे इथे गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल आणि सिद्धेश्वरांच्या अक्षता नुकत्याच पडलेल्या असतील. त्या गडबडीत फोन करू नकोस, आधी हप्ता भर. त्या बाईंकडून आजवर आलेल्या रोख रकमा महिन्यावार एका कागदावर मांड आणि त्याचा फोटो मला पाठव. बेरीज मी तपासून देईन.

तुझे
अण्णा

ता. क. – मुलांना दिलेल्या जेवणाचा खर्च ठरावीक दराने धरायचा असेल तर प्रत्येक मुलाचे नाव, तारीख, हजेरीचे तास आणि काय खाऊ घातले ते लिहावे लागते. एका मुलामागे दिवसाला एक न्याहारी, एक दुपारचे जेवण, एक रात्रीचे जेवण आणि तीन वेळचा खाऊ, याहून जास्त धरता येत नाही. ओम त्यांच्यातच बसून जेवत असला तरी त्याचे ताट त्यात मोजायचे नाही.